त्रेसष्टाव्या पानावरचे फूल

पारख्याने पुस्तक डाव्या तळव्यावर तोलून धरले, अंगठ्याने त्रेसष्टावे पान उघडले, आणि उजव्या हातातले भिंग टेबलाच्या काचेवर टक्कन पडले.

“काय झालं?” समोर बसलेल्या बाईने विचारले.

“काही नाही. निसटलं.”

त्याच्या हातातून भिंग कधी निसटत नसे. सदुसष्टाव्या वर्षीही हात इतका स्थिर होता की सुईत दोरा ओवायचा असला की बायको त्याच्याकडेच येई. त्याने भिंग उचलले, शर्टाच्या टोकाने पुसले आणि पुन्हा वाकून पाहिले. पानाच्या तळाशी, प्रकरण संपते तिथे, नखाएवढे पाच पाकळ्यांचे फूल छापलेले होते. पाकळ्या खाली, देठ वर. फूल उलटे होते.

“बाबा म्हणायचेच,” बाई म्हणाली, “ते सगळ्यात आधी त्रेसष्टावं पान उघडतील म्हणून.”

“कोण बाबा?”

“माझे वडील. शाळेत शिकवायचे. मागच्या वर्षी गेले. ही पुस्तकं त्यांचीच.”

ती चाळिशीच्या आतबाहेरची असावी. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी बसली होती. अर्ध्या तासापूर्वी तिने जुन्या चादरीत गुंडाळलेली पाच पुस्तके टेबलावर ठेवली होती. पाचही दिसायला चामडी बांधणीची, पाठीवर सोनेरी अक्षरे असलेली. पहिली चार पारख्याने बघता बघता बाजूला काढली. एकाचे चामडे अस्सल, पण आतली पाने चाळीस वर्षांनंतर छापलेली. दुसऱ्याचे चामडे म्हणजे रंग दिलेले कापड. उरलेली दोन कुणा हौशी माणसाने भेट द्यायला नव्याने बांधून घेतलेली. “चामड्याला भुलतं ते गिऱ्हाईक,” तो तिला म्हणाला होता, “आपण शिलाई बघायची.” पाचवे हातात घेईपर्यंत तो अगदी मजेत होता.

पाचवे होते बंदरांचे पुस्तक. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका लहानशा छापखान्याने ते काढले. बंदरांची वर्णने, नकाशे, भरती-ओहोटीची कोष्टके. पहिली आवृत्ती हातोहात खपली आणि त्याच वर्षी, छपाईसाठी जुळवलेले अक्षरांचे खिळे न मोडता, दुसरी निघाली. दोन्हींवर साल तेच, कागद तोच, चामडेही तेच. कुठली प्रत पहिल्या आवृत्तीची आणि कुठली दुसऱ्या, हे ओळखायची खूण एकाच ठिकाणी लिहिलेली होती, ती म्हणजे या पारख्याने केलेल्या सूचीत. पहिल्या आवृत्त्या कशा ओळखाव्यात याची ती जाडजूड, निळ्या कापडाची सूची जुन्या पुस्तकांचा व्यापार करणारा प्रत्येक जण हाताशी ठेवी. बाजारात पारख्याला ‘शेवटचा शब्द’ म्हणत, ते या सूचीमुळेच. तिच्यात लिहिले होते: पहिल्या आवृत्तीत त्रेसष्टाव्या पानावरचे फूल उलटे, दुसरीत सरळ.

सूची निघून एकोणीस वर्षे झाली. त्यानंतर बंदरांच्या पुस्तकाच्या जितक्या प्रती पुढे आल्या, त्या सगळ्यांत फूल सरळच निघाले. होता होता सगळ्यांनी मान्य केले की पहिली आवृत्ती आता उरलेली नाही. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाने मात्र आशा सोडली नव्हती, ‘पहिली आवृत्ती हवी’ अशी त्यांची जाहिरात दर वर्षी येई. दुसरा कुणी पारखी असता तर आज आनंदाने उडाला असता. हा पारखी मात्र घाबरला. कारण त्रेसष्टाव्या पानावरचे फूल कुठल्याही प्रतीत, कधीही उलटे नव्हते, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हते.

चूक साधी, कारकुनी होती. त्याच्या गुरूंकडे पहिल्या आवृत्तीची खात्रीची प्रत होती, छापखान्याच्या मालकाने तारीख घालून दिलेली. तरुणपणी ती समोर ठेवून त्याने तिच्या खुणांचे कार्ड लिहिले. त्याच दुपारी, त्याच छापखान्याचे वनस्पतींचे पुस्तक पाहून त्याचेही कार्ड लिहिले. दोन्ही पुस्तकांत तोच फुलाचा ठसा वापरलेला. पुढे सूचीची मुद्रणप्रत तयार करताना कार्डे एकाखाली एक आली आणि वनस्पतींच्या पुस्तकाची फुलाची ओळ बंदरांच्या पुस्तकाच्या नावावर गेली. तोवर गुरू वारले होते आणि त्यांचा संग्रह आगीत गेला होता, त्यामुळे ताडून बघायला काही उरले नव्हते. सूची निघाल्यावर चार वर्षांनी टेबलाचा खण आवरताना त्याला मूळ कार्ड सापडले. त्याच्याच अक्षरात लिहिले होते: ‘बंदरांचे पुस्तक. पहिली आवृत्ती: शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव दोन ओळींत. दुसरी: एका ओळीत.’ फुलाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

त्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली. चार वर्षांत त्याने या पुस्तकाच्या सात प्रती ‘दुसरी आवृत्ती’ म्हणून परत पाठवल्या होत्या. त्यांतल्या किती दोन ओळींच्या होत्या हे त्याला सांगता येईना, कारण शेवटचे पान त्याने उघडलेच नव्हते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असे त्याने स्वतःला सांगितले. सूचीची पुढची आवृत्ती काही त्याने काढली नाही. कार्ड खणात भिंगाच्या जुन्या डबीखाली गेले, आणि कुणी बंदरांचे पुस्तक घेऊन आले की त्याचे डोळे दुखू लागले. आज त्या मोठ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालांनी फोनवर नुसते ‘पाच पुस्तकं घेऊन एक बाई येतायत, बघून ठेवा, चारला मी येतो’ एवढेच सांगितले म्हणून तो गाफील राहिला.

बायको चहा घेऊन आली.

“घे गं,” ती त्या बाईला म्हणाली. “यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही, आणि लोकांच्या पुस्तकातला धागा बरोबर सापडतो.”

बाई हसली. पारखी हसला नाही.

“पंखा लाव जरा,” तो म्हणाला.

“लावलेलाच आहे.” बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले. “बरं वाटत नाहीये का?”

“बरा आहे. तू जा.”

ती गेली. त्याने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. हे कुणीतरी त्याची सूची वाचून बनवलेले होते, एवढे उघड होते. म्हणजे बनवणाऱ्याचा हात कुठेतरी उघडा पडायला हवा. तो देवाला कौल मागावा तसा एकत्र शिवलेल्या पानांच्या एकेका फर्म्याकडे जात होता. नव्या दोऱ्याचा एखादा टाका निघू दे. कागदाला चहाच्या पाण्याचा वास येऊ दे. चामड्याच्या घडीत नवा गोंद दिसू दे. जांभळ्या दिव्याखाली नवा कागद निळसर चमकतो. त्याने खिडकीचा पडदा ओढून तो दिवाही फिरवला. काहीही चमकले नाही. शिलाई जुनी, मेण लावलेली. कागद जुना. कसरीने पाडलेले एक बारीक भोक मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यापासून चाळिसाव्या पानापर्यंत सलग गेलेले, आणि इतके सलग भोक पाडणे कसरीशिवाय कुणाला जमत नाही.

मग त्याने शेवटचे पान उघडले. छापखान्याचे नाव दोन ओळींत होते.

त्याखाली, कोऱ्या जागेत, काळ्या शाईचा अंगठा उमटलेला होता. मोठा, रुंद, मधोमध जखमेचा आडवा व्रण असलेला. पारख्याने तो ओळखला.

अठरा वर्षांपूर्वी एक मास्तर हे पुस्तक वर्तमानपत्रात बांधून घेऊन आले होते. तेव्हा बाहेरच्या बाकावर तीन विक्रेते बसलेले, आणि सूची नुकतीच निघाल्यामुळे पारखी भलताच रंगात होता. मास्तरांनी शेवटचे पान उघडून अंगठा दाखवला होता. ‘हा माझ्या वडिलांचा. ते त्या छापखान्यात खिळे जुळवायचे. पहिली प्रत बांधून झाली ती मालकांनी त्यांच्या हातात दिली. हात धुवायचंही सुचलं नाही त्यांना.’ पारख्याने त्रेसष्टावे पान उघडले, फूल सरळ पाहिले आणि पुस्तक मिटले. ‘मास्तर, अंगठा खरा असेल,’ तो म्हणाला होता, ‘आवृत्ती दुसरी आहे. वडिलांनी थोडं वाढवून सांगितलं असेल. सगळेच वडील सांगतात.’ विक्रेते मोठ्याने हसले होते. मास्तरांनी तोच वर्तमानपत्राचा कागद पुन्हा नीट घडीवर घडी घालून बांधला आणि आभार मानून ते गेले.

म्हणजे हे पुस्तक बनवलेले नव्हते. हे तेच होते. पण तेव्हा फूल सरळ होते.

“मधल्या काळात हे बाहेर कुणाकडे होतं का?” त्याने विचारले. आवाज चोरटा आला. “दुरुस्तीला वगैरे?”

“नाही हो. बाबांच्या कपाटातच. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटची दोन वर्षं तर दार लावून तासन्‌तास हेच घेऊन बसायचे. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या.” ती पर्स उघडू लागली. “आणि हे पण दाखवायला आणलंय. छापखाना बंद झाला तेव्हा आजोबांनी एवढं एकच घरी आणलं होतं. म्हटलं, आजोबा तिथेच कामाला होते याला पुरावा होईल.”

तिने रुमालाची गाठ सोडून शिशाचा एक छोटा ठोकळा काचेवर ठेवला. पाच पाकळ्यांचे फूल. एका पाकळीचे टोक उडालेले. खाचांमध्ये काळी शाई होती आणि ती पंच्याऐंशी वर्षांची नव्हती.

पारख्याने ठोकळ्याला हात लावला नाही. त्याने खालून उजेड देणारी काच ओढून घेतली, त्रेसष्टावे पान तिच्यावर पसरले आणि बटण दाबले. बाकीचे पान सारखे पिवळे उजळले. फुलाभोवती मात्र कागद पातळ झाला होता, तिथून उजेड जास्त येत होता. भिंगाखाली ते स्पष्ट दिसले: उलट्या फुलाच्या देठाजवळ, खरवडलेल्या कागदात, आधीच्या पाकळीची एक फिकट कड राहून गेली होती. ती पाकळी वरच्या बाजूला होती.

मास्तरांनी खरे फूल पात्याने खरवडून काढले होते. दोन वर्षे, दार लावून, एका वेळी केसाएवढे. कागद फाटू दिला नव्हता. मग वडिलांच्याच ठशावर शाई लावून, तो उलटा धरून, नव्याने उमटवला होता. पुस्तक पहिल्या आवृत्तीचे होतेच. ते पारख्याच्या सूचीत बसत नव्हते, म्हणून त्यांनी ते बसवले होते.

पारखी त्या उजेडाकडे बघत राहिला. त्याला भीती वाटली, अगदी लहानपणी अंधाऱ्या जिन्यावर वाटायची तशी, पाठीमागून. मान वर केली तर समोर ही बाई बसलेली असेल आणि तिला उत्तर हवे असेल.

फोन वाजला तेव्हा तो दचकला. ग्रंथपाल होते.

“काय साहेब, पाहिलंत का? मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हटलं, तुम्हाला गंमत वाटू दे.”

“पाहिलं.”

“मग? उलटं आहे ना? त्या बाई फोनवर म्हणाल्या तेव्हा माझा विश्वासच बसेना. अहो, तुमच्या सूचीतली एक ओळ एकोणीस वर्षं नुसती कागदावर होती, ती आज खरी झाली! मी निघतोच आता. तुमचं प्रमाणपत्र तेवढं तयार ठेवा.”

फोन ठेवल्यावर पारख्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेतीन. त्याने काचेचा दिवा बंद केला, आणि पान पुन्हा इतर पानांसारखे दिसू लागले. ग्रंथपाल हे पान उजेडावर धरणार नाहीत. कशाला धरतील? ‘शेवटच्या शब्दा’नंतर कुणी भिंग काढत नाही.

आणि खोटे तरी काय लिहायचे होते? प्रत पहिल्या आवृत्तीची आहे, हे अक्षर न्‌ अक्षर खरे होते. खिळे जुळवणाऱ्याचा शब्द राहील. या बाईला समाधान मिळेल, ग्रंथालयाला पुस्तक मिळेल. सूचीही खरी ठरेल, कारण जगातल्या एकुलत्या एक मान्य प्रतीत फूल उलटे असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तर मूठ मास्तरांनी स्वतःच झाकून दिली होती. बाकीच्या सहा प्रती कुणाकुणाच्या माळ्यावर पडल्या असतील, त्या पडू द्यायच्या.

त्याने खणातून प्रमाणपत्राचा कागद काढला. कागद काढताना बोटांना भिंगाची जुनी डबी लागली, ती त्याने मागे सारली. पेनाचे टोपण उघडले.

“खरी आहे?” बाईने विचारले.

“पहिली आवृत्ती आहे,” तो कागदाकडे बघत म्हणाला. “शंकाच नाही.”

त्याने तारीख घातली, पुस्तकाचे नाव लिहिले. मग त्याने वर पाहिले. तिने पदराचे टोक डोळ्यांना लावले होते.

“म्हणजे आजोबा खरं बोलत होते,” ती म्हणाली. “बाबा तुमच्याकडून परत आले ना, त्या दिवशी त्यांनी आजोबांचा फोटो भिंतीवरून काढला. मी बावीस वर्षांची होते. आईनं विचारलं तर म्हणाले, खोटारड्या माणसाचा फोटो कशाला. त्यानंतर आजोबांचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. आई गेली तोपर्यंत नाही.”

पारख्याचे पेन कागदावर टेकून तसेच राहिले. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“तुम्हाला आठवतात का बाबा?”

“इतके लोक येतात,” तो म्हणाला.

“पण पुस्तक तर हेच होतं, काका.” तिने हे अगदी हळू विचारले, जणू तिलाच उत्तराची धास्ती होती. “हेच पुस्तक तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आज हो म्हणताय. मग तेव्हा काय झालं होतं?”

“तेव्हा...” पारख्याने पेन खाली ठेवले. “माझ्या नजरेतून सुटलं असेल. घाई असते. माणूसच आहे.”

एवढ्यावर भागले असते. चूक कबूल केल्याचे पुण्य पदरात आणि खरी चूक खणात. पण बाईने पर्समधून एक वही काढली. शाळेची, चौकटीची. मास्तरांचे अक्षर फळ्यावरच्यासारखे मोठे आणि सुटे होते.

“बाबा सगळं लिहून ठेवायचे. कपाटात सापडली. काल रात्री येताना बसमध्ये वाचली.” तिने पान उघडून त्याच्यासमोर धरले नाही, स्वतःच वाचले. “‘त्यांनी त्रेसष्टावे पान दाखवले. फूल सरळ आहे. मीही भिंगातून पाहिले. सरळ आहे. म्हणून नाही म्हणाले.’” तिने वही मिटली. “हे वाचल्यापासून मी पुस्तकाचं ते पान दहा वेळा उघडलं असेल, काका. उलटंच आहे. बाबांना सरळ-उलटं कळत नव्हतं असं तर नाही ना? तीस वर्षं भूमिती शिकवायचे.”

आत बायकोने कपबश्या विसळल्याचा आवाज आला.

“मला काल रात्रीपासून भीती वाटतेय,” ती म्हणाली. “तुम्ही खोटी म्हणाल याची वाटत होती. आता तुम्ही खरी म्हणालात तर जास्तच वाटतेय.”

तो तिच्याकडे बघत होता. अजूनही एक वाट होती. फूल खरवडलेले आहे, तुमच्या वडिलांनी फसवायचा प्रयत्न केला, मला आत्ता दिसले, असे सांगायचे. तेही अक्षर न्‌ अक्षर खरे. मग ही बाई घरी जाईल आणि भिंतीवरून दुसरा फोटो काढेल. आयुष्यभर खरे आणि खोटे वेगळे करून पोट भरलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच दिसले की खरेच बोलूनसुद्धा माणसाला किती खोटे वागता येते. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ चष्म्याच्या काचेवर आला. त्याने चष्मा काढला. बाई नुसती एक फिकट आकृती झाली, आणि तशी ती दिसत असतानाच त्याने खण उघडला. थांबला असता तर त्याला ते जमले नसते.

डबीखालचे कार्ड कडेला पिवळे पडले होते. त्याने ते तिच्यासमोर ठेवले.

“वाचा.”

तिने वाचले. पुन्हा वाचले.

“यात फुलाचं काहीच नाहीये.”

“नाही.”

“मग तुमच्या त्या सूचीत?”

“चुकून दुसऱ्या पुस्तकाची ओळ पडली. मला कळलं तेव्हा तुमचे वडील येऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती.” त्याने चष्मा पुसून पुन्हा घातला. “मी कुणाला सांगितलं नाही. भीती वाटली.”

“तीन वर्षं,” ती म्हणाली. “म्हणजे त्यानंतर चौदा वर्षं बाबा होते की.”

“हो.”

त्याने पुस्तकाचे शेवटचे पान उघडून दोन ओळी तिला दाखवल्या, त्याखालचा अंगठा दाखवला. मग त्रेसष्टावे पान काचेवर पसरले आणि दिवा लावला. भिंग तिच्या हातात दिले. कुठे बघायचे ते सांगावे लागले नाही. ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिने शेजारचा शिशाचा ठोकळा उचलला, बोटाने खाचेतली शाई पुसली, आणि बोट काळे झालेले पाहिले.

“हे बाबांनी केलं.”

“हो.”

“खरं पुस्तक होतं. आजोबांनी दिलेलं. जसंच्या तसं.”

“हो.”

“मग असं का केलं त्यांनी?”

चहाचा गार झालेला घोट घेऊन तो म्हणाला, “कारण मी तसं छापलं होतं.”

ती रडेल असे त्याला वाटले, ओरडेल असेही वाटले. तिने दोन्ही केले नाही. तिने शाईचे बोट रुमालाला पुसले, ठोकळा रुमालात ठेवला, गाठ मारली आणि ती अर्धवट लिहिलेल्या प्रमाणपत्राकडे बघत बसली.

दारावरची बेल वाजली.

घड्याळात चारला दहा कमी होते. पारख्याचा हात आपसूक कार्डाकडे गेला. पंधरा वर्षांची सवय होती ती. कार्डावर बोटे टेकली, खण अजून उघडाच होता. बाईने त्याच्या बोटांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तिने त्याला अडवले नाही.

बाहेर बायकोने दार उघडले. “या या, आत आहेत. आज काय झालंय कोण जाणे, चहासुद्धा तसाच टाकलाय.” ग्रंथपालांचे हसणे पॅसेजमधून जवळ आले. ते दारात उभे राहिले तेव्हा धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता, आणि हातात निळ्या कापडाची ती जाड सूची होती. तिच्यावर सही घ्यायला आणली असावी.

“बाई, तुमचं अभिनंदन! आणि साहेब, तुमचं तर काय बोलावं.” ते टेबलाकडे आले आणि उजळलेल्या पानावर वाकले, पण चष्मा खिशातच होता. “मला आता या वयात दिसतंय कुठे. तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून ऐकायचंय. फूल उलटं आहे ना?”

पारख्याने कार्डावरची बोटे उचलली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

“नाही,” तो म्हणाला. “कधीच नव्हतं.”